शंभर ब्रॉयलर पिल्लांचा तयार संच: पहिल्या बॅचला किती पुरतो?

पोल्ट्री साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘१०० पिल्लांचा संच’ म्हणून एक खोकं मिळतं. विकणारे वेगवेगळे, आतला माल मात्र जवळपास सारखाच: चिक गार्डची पट्टी (पिल्लांभोवती गोल उभी करायची), बल्ब लावायची पत्र्याची टोपी, दोन चिक ड्रिंकर (ताटलीवर उलटी ठेवायची पाण्याची बरणी), खाद्याच्या दोन थाळ्या, तीन टांगते फीडर, एक तापमापक आणि औषधांची एक पिशवी. पहिल्यांदाच ब्रॉयलर आणणारा माणूस साहजिकच हे खोकं उचलतो. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, अशा संचांचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या दहा दिवसांना संच बरा आहे, पुढच्या महिन्याला तो पुरत नाही. ब्रॉयलरचं पिल्लू येतं ४०-४५ ग्रॅमचं आणि सहा आठवड्यांच्या आत दोन किलोच्या पुढे जातं. संचातल्या वस्तू पिल्लाच्या मापानं निवडलेल्या असतात. मोठ्या झालेल्या शंभर कोंबड्यांचं पाणी, खाणं आणि हवा कशी भागवायची, याचा विचार त्यात फारसा दिसत नाही. नवख्याचं नुकसान दोनदा होतं: पहिल्या आठवड्यात उबेच्या गोंधळानं आणि चौथ्या आठवड्यानंतर पाण्याच्या कमतरतेनं. म्हणून संचातली प्रत्येक वस्तू या दोन वेळांना कशी वागते ते पाहू.

चिक गार्डपासून सुरू करू. शंभर पिल्लांना सहा फूट व्यासाचं गोल लागतं, म्हणजे पट्टी साधारण १९ फूट हवी. बऱ्याच संचांत ती १२ किंवा १५ फुटांची असते. बारा फुटांच्या पट्टीचं गोल चार फूट व्यासाचंही होत नाही. त्यात पिल्लांना बल्बपासून लांब जायला जागाच उरत नाही. गरम झालं तरी तिथंच बसावं लागतं, धापा टाकावी लागते. खोकं घेण्याआधी पट्टी मोजून घ्या. कमी असेल तर दुसरी जोडा किंवा जाड पुठ्ठा लावा, पण गोल मोडून चौकोन करू नका. कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. उंची दीड फूट पुरे. उन्हाळ्यात फूटभर किंवा नुसती जाळी चालते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गोल रोज थोडं वाढवत जायचं आणि दहा-बारा दिवसांनी काढून टाकायचं.

बल्बची टोपी हा संचातला सगळ्यात कच्चा भाग आहे. खोक्यात एलईडी बल्ब निघाले तर ते रात्रीच्या उजेडासाठी बाजूला ठेवा. पिल्लांना ऊब देण्याइतकी उष्णता त्यांतून मिळत नाही. जुने तारेचे पिवळे बल्बच लागतात. हिशोब सोपा आहे: थंडीत पिल्लामागे दोन वॉट, एरवी एक ते दीड. शंभर पिल्लांना हिवाळ्यात २०० वॉटचा एकच बल्ब लावू नका. ६० वॉटचे चार लावा, म्हणजे रात्री एक उडाला तरी तिघांवर सकाळ निघते. होल्डर प्लास्टिकचा असेल तर तो टोपीच्या उष्णतेनं मऊ पडतो, बल्ब खाली लोंबतो आणि खाली गादीचा कोरडा तूस, म्हणजे भाताची टरफलं, असतो. आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. चिनी मातीचे होल्डर घ्या, टोपी विजेच्या वायरवर न लोंबवता साखळीनं आढ्याला टांगा आणि बल्बखाली जाळी बसवा. साखळीचा आणखी एक उपयोग म्हणजे टोपी वर-खाली करता येते. सुरुवातीला ती पिल्लांच्या पाठीपासून दीड फुटावर ठेवा, मग ऊब पाहून उचलत जा.

टोपीच्या कडेखाली, तुसापासून दोन इंचांवर पहिले दोन दिवस ३२ ते ३४ अंश सेल्सिअस हवेत. मग आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जायचं. तिसऱ्या आठवड्याअखेर बहुतेक ठिकाणी बल्बची गरज उरत नाही. विदर्भात मे महिन्यात दिवसा बल्ब लावायचंच काम नाही. त्याच शेडमध्ये डिसेंबरात चारही बल्ब कमी पडतील आणि वरून पोत्याचा आडोसा लागेल. संचातला तापमापक बहुधा तबकडीचा असतो आणि दोन-तीन अंश चुकीचा दाखवू शकतो. घरातल्या खात्रीच्या तापमापकाशेजारी ठेवून तो एकदा पडताळा. भिंतीवर टांगलेला तापमापक भिंतीचंच तापमान सांगतो. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा.

तापमापकापेक्षाही पिल्लांचं वागणं वाचा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. पट्टीला चिकटून पंख सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं झोत येतोय, तिकडचा पडदा बघा. सगळीकडे सारखी पसरलेली, काही खाताहेत, काही झोपलीत, आवाज मंद, असं दिसलं की जमलं.

वीज जाते त्याची सोय संचात नसते. कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, पण पडदे बंद करून शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि पिल्लांबरोबर आत झोपलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. शेगडी लावायची तर निखारे बाहेर धुराविना लाल होऊ द्या, पडद्याचा वरचा फूटभर भाग उघडा ठेवा आणि आत झोपू नका. लोडशेडिंग नेहमीचं असेल तर गॅस ब्रूडरवर, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीवर, केलेला खर्च वाया जात नाही.

पिल्लं येण्याआधी तुसाची गादी दोन-तीन इंच पसरून शेड गरम करून ठेवावी लागते. हिवाळ्यात आदल्या दिवसापासून, एरवी सहा-आठ तास आधी. हवा गरम आणि खालचा कोबा गार, ही चूक हमखास होते. पिल्लाचे पाय गालाला लावून पाहा. गार लागले तर जमीन तापलेली नाही. भात पिकत नाही तिथं शेंगांची टरफलं वापरतात. ती पूर्ण वाळलेली हवीत. ओलसर टरफलांवर बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाते. लाकडाचा बारीक भुसा टाळा, पिल्लं तो खाद्य समजून खातात. गादीवर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरतात, पण गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि असं पिल्लू पुढे नीट उभं राहत नाही. कागद चुरगळून पसरा किंवा तागाचं पोतं टाका, आणि रोज बदला.

संचातल्या खाद्याच्या थाळ्यांबद्दल तक्रार नाही. पन्नास पिल्लांना एक थाळी बरोबर आहे. पहिल्या दिवशी थोडं खाद्य कागदावरही टाकावं, म्हणजे चालता-चालता चोच लागते. पाणी आधी, खाद्य लगेच पाठोपाठ. लांबून आलेल्या पिल्लांना पहिले काही तास गुळाचं किंवा इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्यायला हरकत नाही, पण गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर आंबतं. पाणी विहिरीतून काढलेलं गारढोण नको; शेडमध्ये आधी ठेवून हवेइतकं होऊ द्या. चार-पाच पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवली की बाकीची पाहून शिकतात. आठ तासांनी वीस-पंचवीस पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी चाचपा. ऐंशी टक्क्यांहून जास्त पिल्लांची ती भरलेली आणि मऊ लागायला हवी, आणि चोवीस तासांनी जवळपास सगळ्यांची. पिशवी कडक लागली तर खाद्य खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी लागली तर ऊब, उजेड किंवा थाळ्यांची जागा, यांपैकी काहीतरी चुकलंय.

आता पाणी. संचात दोन-चार लिटरचे दोन चिक ड्रिंकर असतात. पहिल्या आठवड्यात ते पुरतात. पण ब्रॉयलर जेवढं खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो आणि कडक उन्हात त्याहून बरंच जास्त. पाचव्या आठवड्यात शंभर पक्षी दिवसाला सोळा-सतरा किलो खाद्य खातात. म्हणजे तीस-पस्तीस लिटर पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये पन्नासच्याही वर. चार लिटरचे दोन ड्रिंकर दर काही तासांनी भरायला कोण बसणार? दुपारी ते कोरडे पडतात, पक्षी गर्दी करतात, ड्रिंकर कलंडतात, गादी भिजते. भिजलेल्या तुसाची पापडी होते, अमोनियाचा वास सुटतो, डोळ्यांत पाणी येतं, तळव्यांना जखमा होतात आणि त्याच ओलीत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, वाढते. नवखा माणूस मग औषध शोधत फिरतो आणि मूळ कारण असतं न पुरणारा ड्रिंकर.

म्हणून दुसऱ्या आठवड्यासाठी वेगळी सोय आधीच करून ठेवा. दोन पर्याय आहेत.

पहिला, टांगते बेल ड्रिंकर, म्हणजे घंटेच्या आकाराचे. शंभर पक्ष्यांना दोन घ्या. शंभर लिटरची टाकी चार-पाच फूट उंचावर ठेवून नळी जोडली की पाणी आपोआप येत राहतं. घंटेच्या खालच्या पोकळीत वजनासाठी पाणी किंवा वाळू भरायची असते. ती रिकामी राहिली तर पक्ष्याच्या धक्क्यानं ड्रिंकर झुलतो आणि सगळं पाणी तुसात जातं. दुकानदार हे बहुधा सांगत नाही. कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर असावी, आणि दर दोन-तीन दिवसांनी ती वर घ्यावी लागते, कारण पक्षी तेवढ्या वेगानं वाढतो. ताटली रोज सकाळी घासून धुवा.

दुसरा, निपल, म्हणजे पाइपला बसवलेली, चोचीनं दाबलं की पाणी सोडणारी छोटी तोटी. दहा-बारा पक्ष्यांना एक या हिशोबानं शंभर पक्ष्यांना दहा निपलची दहा फुटी पाइप पुरते. गादी कोरडी राहते आणि पाणी स्वच्छ राहतं. आमच्या मते लहान शेडलाही हाच पर्याय चांगला, पण दोन अटींवर. बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर टाकीनंतर फिल्टर हवाच, नाहीतर सुई अडकून निपल एकतर गळतं किंवा बंद पडतं. आणि निपलच्या पाइपमधून गूळ-साखर सोडायची नाही. आत चिकट थर बसतो. उंचीही चुकू देऊ नका. पहिल्या दिवशी निपल डोळ्यांच्या रेषेत, पुढे पक्ष्यानं पाय जमिनीवर टेकवून मान वर ताणून प्यावं इतकं उंच. बंद पडलेलं निपल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रोज प्रत्येक निपल बोटानं दाबून पाहा.

पाणी कुठल्याही मार्गानं द्या, ते निर्जंतुक हवं. हजार लिटरला साधारण १० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला एक ग्रॅम. पावडर डबीत कालवून वरचं निवळ तेवढं ओता. पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा आदल्या, त्या आणि नंतरच्या दिवशी हे बंद ठेवा. क्लोरीनमुळे लस मरते.

टांगते फीडर तीन येतात, चार हवेत. पस्तीसला एक हे गणित जेमतेम बसतं, पण सशक्त पक्षी कड अडवतात आणि मागे राहिलेले आणखी मागे पडतात. चौथा फीडर घेतला की वजनं बरीच सारखी येतात. खरेदी करताना ताटलीत आडवे पट्टे किंवा जाळी आहे का पाहा. सपाट उघडी ताटली असेल तर पक्षी आत उभे राहून पायानं उकरतात. ताटली एक तृतीयांशाहून जास्त भरू नका आणि कड पाठीच्या उंचीवर ठेवा. शंभर पक्ष्यांना विक्रीपर्यंत ३२०-३५० किलो खाद्य लागतं. त्यातलं पाच टक्के सांडलं तर पन्नास किलोच्या पोत्याचा तिसरा हिस्सा तुसात गेला. सगळ्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा असतो, हे लक्षात घेतलं तर चांगला फीडर महाग वाटत नाही. खाद्य वयानुसार बदलतं: पहिले दहा दिवस प्री-स्टार्टर, मग तीन आठवड्यांपर्यंत स्टार्टर, पुढे फिनिशर. बदल करताना दोन-तीन दिवस मिसळून द्या. थाळीवरून टांगत्या फीडरवर नेतानाही दोन्ही काही दिवस एकत्र ठेवा.

औषधांची पिशवी मात्र आम्ही परत करायला सांगू. तिच्यात व्हिटॅमिन आणि इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या असतील तर ठीक. प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) पुडी ‘पहिले पाच दिवस सगळ्यांना द्या’ अशा सूचनेसह आली असेल तर ती वापरू नका. निरोगी पिल्लांना प्रतिजैविक देऊन उपयोग काही नाही, आणि मांसात त्याचे अंश राहण्याचा धोका वेगळाच. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे. जुन्या साठ्यातली पुडी निघाली तर दुकानदाराला तसं सांगा.

खरी गरज लशींची असते आणि त्या थंड साखळीत २ ते ८ अंशांवर ठेवाव्या लागतात, त्यामुळे खोक्यात त्या येऊच शकत नाहीत. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत म्हणजे मानमोडीची लस डोळ्यात थेंबानं, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस, आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास मानमोडीचा दुसरा डोस पाण्यातून, हा नेहमीचा क्रम. भागात कुठली साथ आहे त्यावरून पशुवैद्यक त्यात बदल करतात, त्यांना विचारूनच ठरवा. लस बर्फाच्या थर्मासमधून आणा. पाण्यातून देताना आधी तास-दीड तास पक्ष्यांना तहान लागू द्या, आणि लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून दोन तासांत संपेल एवढंच पाणी करा.

संचात नसलेली आणि तरी सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे वजनकाटा. सातव्या दिवशी दहा पिल्लं बादलीत घालून तोला. प्रत्येकी सरासरी १६० ग्रॅमच्या पुढे, म्हणजे पहिल्या वजनाच्या चौपट, भरलं तर सुरुवात चांगली झाली. कमी भरलं तर ऊब आणि पाणी आजच तपासा, कारण पहिल्या आठवड्यात मागे पडलेली बॅच पुढे ते अंतर क्वचितच भरून काढते. पुढेही दर आठवड्याला तोलत राहा.

दुसरी नसलेली वस्तू पडदे. ते खालून वर गुंडाळायचे असले तर उघडताच वारा थेट पिल्लांच्या अंगावर येतो. पडदा वरून खाली उतरला पाहिजे, म्हणजे गरम, कोंदट हवा वरून निघते आणि खाली आडोसा राहतो. हिवाळ्यात थंडीच्या भीतीनं शेड गच्च बंद केली तर प्राणवायू कमी पडतो आणि जोमात वाढणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात पाणी होतं. कोकणात पावसाळ्यात गादी हवेतलाच दमटपणा ओढून घेते; तूस रोज हलवा, ड्रिंकरखालची पापडी उचलून टाका आणि पडदे दिवसा उघडे ठेवा.

शेड शंभर चौरस फुटांची असली तरी उन्हाळ्यात शंभर पक्षी त्यात कोंबू नका. एप्रिल-मेच्या बॅचला पक्ष्यामागे सव्वा ते दीड चौरस फूट द्या, म्हणजे तेवढ्याच शेडमध्ये सत्तर-ऐंशीच पिल्लं आणा. पत्रा गवतानं झाका किंवा त्यावर पाणी शिंपडा. मोठ्या पक्ष्यांना सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत खाद्य देऊ नका, पचनाच्या उष्णतेची त्यात भर पडते. उष्माघातानं मरतात ते सगळ्यात वजनदार पक्षी, आणि ते विक्रीला दोन-चार दिवस उरले असतानाच मरतात.

विक्रीचं गिऱ्हाईक चौथ्या आठवड्यातच बोलून ठेवा. अडतिसाव्या ते बेचाळिसाव्या दिवशी सगळा लॉट एकदम तयार होतो. आठवडाभर उशीर झाला तर शंभर पक्षी सव्वाशे किलोच्या आसपास खाद्य खातात, आणि त्या वयात खाद्याचं मांस पूर्वीइतक्या प्रमाणात होत नाही. कापण्याआधी सहा-आठ तास खाद्य काढा, पाणी शेवटपर्यंत ठेवा.

तर खोकं घ्यावं का? चिक गार्डची पट्टी पुरेशी लांब असेल आणि ड्रिंकर-थाळ्यांचं प्लास्टिक जाड असेल तर घ्या. सुट्या वस्तू गोळा करायचे हेलपाटे वाचतात. पण त्यावर आणखी दोन बेल ड्रिंकर किंवा निपलची पाइप, चौथा फीडर, चिनी मातीचे होल्डर, पिवळे बल्ब आणि वजनकाटा एवढा खर्च धरूनच किंमत ठरवा. पाचशे पिल्लांचा विचार असेल तर असे पाच संच घेऊ नका, प्रत्येक वस्तू मापानुसार सुटी घ्या. दुकानातच चिक ड्रिंकर भरून उलटा करा आणि पंधरा मिनिटं सपाट फरशीवर ठेवा. बरणीचं भोक ताटलीच्या कडेच्या खाली असेल आणि झाकण वाकडं नसेल तर पाणी भोकाच्या पातळीवर थांबतं. कडेवरून ओघळलं तर तो ड्रिंकर परत द्या.